सपाट हाताचा नवस

मैना दुमानेला राग आला की ती भांडी घासायला बसायची. घासलेली भांडी पुन्हा घासायची. शेजारणींना हे पाठ झालं होतं. तिच्या अंगणात पाण्याचा पितळेचा गुंड उन्हात नुसता लखलखताना दिसला की, "आज दुमान्याच्या घरी काहीतरी बिनसलं वाटते," असं म्हणत त्या पदराआड हसायच्या. भांडणं तिला जमायचं नाही. माहेर वैनगंगेच्या काठचं, बाप डोंग्यातून जाळं टाकणारा, घरात पोरींची रांग. तिथं ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं व्हायचं, आणि मैनाचा आवाज जन्मापासून बसका. लग्न होऊन ती धानोऱ्याकडच्या जंगलातल्या या तलावकाठच्या गावात आली तेव्हा झिंगे निवडायचा चटपटीत हात आणि मातामायवरची श्रद्धा, एवढंच तिचं स्वतःचं म्हणण्यासारखं होतं. गावाच्या शिवेवर कडुनिंबाखाली मातामायचे शेंदूर माखलेले दगड. रोज त्यांच्यावर तांब्याभर पाणी घातल्याशिवाय मैना चूल पेटवत नसे.

२००३ सालच्या माघात तिची भांडी जेवढी चकाकली तेवढी आधी कधी चकाकली नव्हती.

सुरुवात झाली सासऱ्याच्या, बापूजींच्या खोकल्यापासून. दिवाळीपासून ते खोकत होते. शेवटी थुंकी तपासली, टीबी निघाला, गोळ्यांचा डबा मिळाला आणि अंगणवाडीच्या बाईसमोर बसून गोळ्या गिळणं सुरू झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच विचारलं, "घरात लहान लेकरं किती?"

दोन होती. मैनाचा मिथुन, चौथं वर्ष लागलेला. आणि जाऊ गुलाबची सोनू, पाच वर्षांची. गुलाबचा नवरा बल्लारपूरला कामाला, महिन्याकाठी एकदा यायचा, म्हणून गुलाब आणि सोनू इथंच राहायच्या. सोनू म्हणजे गरगरीत पोर. भाताचा ढीग बघता बघता संपवायची आणि वर मिथुनच्या ताटातला मासा उचलायची. मिथुनला त्याचं काही नसायचं. तो आजोबांच्या मांडीवर टेकून बसायचा आणि भाताची शितं बोटानं इकडची तिकडे करायचा.

मिथुनच्या कमरेला काळा करगोटा होता. लेकरू वाढतं तसा करगोटा सैल करावा लागतो. मैना मात्र त्याला नवीन गाठी मारत होती. आंघोळ घालताना तो दोरा घसरून मांडीवर यायचा. ती गाठ मारायची, आणि मग उगाचच एखादं पातेलं घासायला घ्यायची.

दोन्ही लेकरांना घेऊन बाया दवाखान्यात गेल्या. सासू रुखमाबाई पुढं, सुना मागं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, रांग दारापर्यंत होती. मिथुनच्या बरगड्यांवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "इतक्यात आजारी-बिजारी होता का हा?"

उत्तर रुखमाबाईनं दिलं. घरातली सगळी उत्तरं तीच द्यायची. "नाई जी. सर्दी-पडसं तं चालूच राह्यते लेकराईचं. बाकी आजार कोनता नाई."

मैनानं मान खाली घातली. महिनाभरापूर्वीच मिथुनच्या अंगावर गोवर येऊन गेला होता. पण गावात गोवराला कुणी आजार म्हणत नाही. ती मायची फेरी. माय घरात असताना फोडणी द्यायची नाही, कडुनिंबाचा डहाळा दाराला लावायचा, लेकराजवळ मोठ्यानं बोलायचं नाही, आणि पाचव्या दिवशी मायला दहीभात दाखवून मानानं तिला निरोप द्यायचा. जी घरी पाहुणी येऊन गेली तिचं नाव दवाखान्यात, औषधांच्या वासात, आजार म्हणून कसं घ्यायचं? रुखमाबाई खोटं बोलली नव्हती. तिच्या हिशेबी ते खरंच होतं. मैनाच्याही.

सिस्टरनं दोन्ही लेकरांच्या हाताला, कोपराच्या खाली, बारीक सुई अगदी कातडीखाली टोचली. डास चावल्यासारखा फुगा आला.

"तीन दिवसांनी हात दाखवायले आना. लावायचं काही नाई, झाकायचं नाई, खाजवू द्यायचं नाई. फुगला तं टीबीचे जंतू अंगात हायेत असं समजते."

"आनं नाई फुगला तं?" मैनानं विचारलं.

"तं मंग काय, चांगलंच हाय," सिस्टर म्हणाली आणि तिनं पुढच्याला हाक मारली.

एवढंच मैनाच्या कानात घट्ट बसलं. बसमधून उतरल्यावर सासू आणि जाऊ घराकडे वळल्या, ती मिथुनला कडेवर घेऊन कडुनिंबाखाली गेली. पदर पसरला. "माय, माझ्या लेकराचा हात सपाट राहू दे. सपाट राह्यला तं पाच सवाष्णी जेवू घालीन, तुले बोना देईन." बोना म्हणजे मायचा नैवेद्य, पुऱ्यांचा आणि गोड भाताचा. ती नवस मोठ्यानं बोलली नव्हती, पण घरून तांब्या घेऊन रुखमाबाई मागोमाग आलीच होती. ऐकून तिनं समाधानानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सोनूचा हात फुगला. लाल, टणक, सुपारीएवढा. मिथुनचा होता तसाच.

रुखमाबाईनं तडक बिबा काढला. सुईला टोचून दिव्यावर धरला. "दोन ठिपके घालते. उद्यापर्यंत बसून जाईन."

"आत्याबाई, काही लावू नोको म्हनलं हाय त्याईनं," मैना म्हणाली.

"त्याईले बिबा माहीत हाय काय?"

"बिबा उतला तं हातभर फोड येईन. मंग टीबी पाहतीन का तुमचा बिबा पाहतीन?"

गुलाब सोनूला पोटाशी धरून उभी होती. तिनं मैनाकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि सासूला म्हणाली, "राहू द्या." तेव्हा तिनं मैनाचं ऐकलं. त्याचाच पुढं तिला राग आला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई नव्हत्या, कुठल्याशा शिबिराला गेल्या होत्या. सिस्टरनं सोनूचा हात उन्हाकडे धरला. लालीकडे तिनं पाहिलंही नाही. बॉलपेन घेतलं, फुगवट्यापासून लांबून रेघ ओढत आणली, टणक जागेला पेन अडलं तिथं थांबली. मग दुसऱ्या बाजूनं तसंच. दोन रेघांमधलं अंतर पट्टीनं मोजलं. "चौदा मिलिमीटर," ती म्हणाली. मग मिथुनचा हात. पेन एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ निघून गेलं. कुठं अडलंच नाही.

"याले काही नाई. हिले पुढच्या मंगळवारी घेऊन या, मॅडम पाहतीन."

रुखमाबाईनं तिथंच, दवाखान्याच्या फरशीवर उभ्यानं हात जोडले. "पावली माय माझी!"

त्या दिवसापासून घर दोन लेकरांमध्ये वाटलं गेलं. सोनूचं ताट वेगळं झालं, पेला वेगळा झाला, ओसरीवरच्या फळीवर एकटा दिसू लागला. धडधाकट पोर, भात मागून मागून खाणारी, ती ओसरीवर एकटी जेवू लागली. आणि मिथुन, ज्याच्या मानेत बोराएवढ्या गाठी हाताला लागत होत्या, संध्याकाळ झाली की ज्याचं अंग तव्यासारखं तापायचं, त्याला बापूजींच्या मांडीवर बसवून रुखमाबाई भरवायची. "खा बापा. तुयावर मायचा हात हाय."

गुलाब मैनाशी बोलेनाशी झाली. बोलायची ती भिंतीशी. "कोनाकोनाले बिबा नोको असते. दुसऱ्याच्या पोरीचा हात उघडा पाडाले बरं वाटते."  मैनानं गुंड घासायला घेतला.

तिला कुठंतरी काहीतरी उलटं झाल्यासारखं वाटत होतं. पण काय उलटं, हे तिला सांगता येत नव्हतं. तिनं जे मागितलं तेच मिळालं होतं. आता तक्रार कुणाकडे करायची?

एका सकाळी करगोट्याला आणखी एक गाठ मारताना तिला राहवलं नाही. नवरा, प्रफुल, अंगणात फाटकं जाळं विणत बसला होता.

"अवो, मिथुनले डॉक्टरीनबाईले दाखवून आनू."

"दाखवलं ना आत्ताच."

"त्या नोहत्या. सिस्टर होती."

"पेन सिस्टरचं असो का डॉक्टरचं, मोजते तं तेच ना व? परीक्षेत पास झालेल्या पोट्ट्याले पुन्हा परीक्षेले कोन नेते?" प्रफुल वाईट माणूस नव्हता. पण त्या दिवसांत तलावाचं पाणी उतरलं होतं, सगळं गाव मिळून मोठं जाळं ओढत होतं, आणि जो जाळ्यावर नाही त्याला वाटा नाही. "आनं मंगळवारी तं तुयाच नवसाचा बोना हाय."

"डॉक्टरीन आता मंगळवारीच भेटन."

"मंग पुढच्या मंगळवारी जा. सोनूलेही तवाच नेऊ सगळे मिळून."

रुखमाबाई आतून ऐकतच होती. ती उंबऱ्यात आली. "काय व मैना? मायनं तुया पदरात टाकून देलं, आनं तू बोना न देता डॉक्टरीनीच्या पायऱ्या झिजवाले जातं? मायवर भरोसा नाई काय तुया?"

ह्या एका प्रश्नापुढं मैनाचं सगळं बोलणं संपायचं. मायवर भरोसा नाही असं ती कसं म्हणणार? आणि भरोसा आहे म्हटलं तर घरी बसणं आलं. दोन्हीकडून कोंडी. तिनं कढई घासली, झारा घासला, कंदिलाची काचसुद्धा घासली. रुखमाबाई गावात सवाष्णींना सांगून आली. पुऱ्यांसाठी कणीक आली, गूळ आला. आणि मिथुननं दुपारचा भात दोन घास खाऊन टाकून दिला.

सोमवारी रात्रभर त्याचं अंग उतरलं नाही.

मंगळवारी पहाटे मैना उठली. नेहमीसारखा तांब्या घेतला. पण मिथुनलाही गोधडीत गुंडाळून कडेवर घेतलं, आणि चुलीजवळचा नारळ पदराखाली घेतला. गुलाब अंगणात सडा टाकत होती. तिनं पाहिलं. दोघी जावा क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या. मग गुलाब पुन्हा सडा टाकू लागली. तिनं हाक मारली असती तर सगळं घर उठलं असतं.

कडुनिंबाखाली मैनानं पाणी घातलं, नारळ फोडला, मिथुनचं डोकं शेंदराच्या दगडाला टेकवलं. मग बसक्या आवाजात, न रडता, पण रागानं, तिनं मायलाच सुनावलं, "तू देलं माय, मी नाई म्हनत नाई. पन मी काय मांगून बसली? हाताचं मांगतलं. लेकराचं मांगाले पायजे होतं. तुले कळत होतं ना? मंग काऊन देलं?" बोलली आणि स्वतःच घाबरली. गालांवर हात मारून घेतले, माफी मागितली. पण उठली ती बसथांब्याकडेच.

डॉक्टरीणबाईंनी मिथुनला ओळखलं. कागद पाहिला, मिथुनला पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. गळ्याच्या गाठी चाचपल्या. वजनकाट्यावर ठेवला. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"कधीपासून जेवत नाही?"

"माय येऊन गेली तवापासून जी."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "गोवर? कधी?"

"संक्रांतीच्या आगोदर."

"बाई, मी विचारलं होतं ना? आजारी होता का म्हणून?"

"तुमी आजार विचारला होता जी," मैना म्हणाली. "माय आल्यावर आमी आजार म्हनत नाई."

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवरून हात फिरवला. चिडल्या होत्या, पण कुणावर चिडावं ते त्यांनाही कळत नव्हतं. मग त्यांनी मिथुनचा सपाट हात आपल्या हातात घेतला. "हे बघा. सुई टोचली की हात फुगतो, तो सुईनं फुगत नाही. अंगात ताकद असते, ती जंतूला ओळखते आणि तिथं धावून जाते, म्हणून फुगतो. सोनूचा फुगला. म्हणजे जंतू तिच्या अंगात शिरलाय आणि तिचं अंग त्याला दाबून बसलंय. याच्या अंगात धावून जायला कुणी उरलंच नाही. गोवरानंतर काही दिवस तर हात असाच मुका होतो. फुगला असता तर मला कळलं असतं. नाही फुगला म्हणून काहीच कळलं नाही. हात फुगला नाही म्हणजे 'टीबी नाही' असं नाही."

"पन सिस्टर तं चांगलं हाय म्हनली होती."

"चुकलंच ते. मी असायला हवं होतं."

छातीचा फोटो काढला. फोटोत डाव्या बाजूला ढगासारखा डाग होता. मैनाला बाकी काही समजलं नाही, पण डाग दिसला. औषध त्याच दिवशी सुरू झालं. पहिली गोळी चमच्यात पाण्यात विरघळवून मैनानं तिथंच त्याला पाजली. त्यानं ती थुंकली. दुसरी अर्धी पाजली.

"आनं सोनूचं?"

"तिलाही आणा. फोटो काढू. स्वच्छ निघाला तर रोजची एकच गोळी, पुढं आजार होऊ नये म्हणून. आणि तिचं ताट वेगळं-बिगळं करू नका. लहान लेकरांपासून सहसा कुणाला लागत नाही. लागलंय ते आजोबांपासून."

मैनानं मिथुनला पुन्हा गोधडीत गुंडाळलं.

दुपार कलली तेव्हा ती घरी पोचली. पाच सवाष्णी जेवून ओसरीवर पान खात बसल्या होत्या. निघायला हव्या होत्या, पण बघायला थांबल्या होत्या. रुखमाबाईचे डोळे रडून सुजले होते.

"आली काय महारानी! बोना देला, पन ज्याच्या नावानं देला तो कुठी होता? मायसमोर नाक कापलं माझं!"

"सकाळीच डोकं टेकवून नेलं, आत्याबाई. त्याले गोळ्या सुरू झाल्या."

"कायच्या गोळ्या?"

"मामाजीच्या आजाराच्या," सासऱ्याच्या खाटेकडे बोट दाखवून मैना म्हणाली.

एका सवाष्णीनं तोंडावर हात ठेवला. आत बापूजींचा खोकला एकदम थांबला. रुखमाबाई म्हणाली, "अशी कशी? हात सपाट होता ना व! सगळ्याईनं पाह्यलं!"

"सपाट होता म्हनूनच तं!" मैनाचा आवाज एवढा चढला की तिला स्वतःलाच तो ओळखू आला नाही. "अंगात जोर नाई म्हनून सपाट! गोवर झाला होता म्हनून सपाट! तुमी सांगतलं नाई, मीबी सांगतलं नाई, आनं सिस्टर म्हने चांगलं हाय! सगळे मिळून सपाट हाताले हात जोडत बसलो!"

 मैनाला घासायला काहीतरी हवं होतं. तिनं चुलीजवळचं पातेलं उचललं, पाहिलं, ते आधीच चकाकत होतं. ठेवून दिलं. मग ती ओसरीवरच्या फळीकडे गेली, सोनूचं ताट आणि पेला काढला आणि आत नेऊन बाकीच्या ताटांत आपटून ठेवला.

गुलाब दाराशी उभी होती. ती त्या दिवशीही बोलली नाही. पण पुढच्या मंगळवारी बसथांब्यावर ती सोनूला घेऊन मैनाच्या आधी येऊन उभी होती. सोनूचा फोटो स्वच्छ निघाला.

औषधाचे महिने सोपे गेले नाहीत. मिथुन गोळी ओकायचा, मैना पुन्हा पाजायची. सोनू रोज गोळी मागायला यायची आणि मिथुनला म्हणायची, "मी तं चावून खाते. तू भित्रा हायेस." पावसाळा सुरू झाल्यावर एक दिवस आंघोळीला बसवताना करगोटा त्याच्या कमरेत रुतलेला दिसला. मैनानं एक गाठ सोडली. दिवाळीपर्यंत सगळ्या सुटल्या. बापूजींचीही थुंकी साफ निघाली.

आणि रुखमाबाईनं गावभर सांगायला सुरुवात केली की, मायला सपाट हाताचा नवस बोलला होता, माय पावली.

मैनानं पहिल्या पहिल्यांदा समजावून पाहिलं. मग सोडून दिलं. मायनंच लेकरू वाचवलं याबद्दल तिलाही शंका नव्हती, ती रोज पाणी घालतच होती. पण हात मध्ये आला की तिच्या डोक्यात सणक जायची.

पुढच्या वर्षी पलीकडच्या टोल्यातली, छोट्या वस्तीवरची, एक सून लेकरू घेऊन आली. तिच्याही घरात म्हातारा खोकत होता, लेकराला सुई टोचली होती, आणि तिला कुणीतरी सांगितलं होतं की दुमान्याच्या रुखमाबाईला नवस कसा बोलायचा ते ठाऊक आहे. रुखमाबाईनं तिला पाट दिला, पाणी दिलं आणि सुरुवात केली, "हे पाय बाई, मायजवळ जायाचं आनं म्हनायचं, लेकराचा हात..."

मैना चुलीपुढून उठली. हातात राखेनं माखलेला झारा तसाच होता.

"पहिले मले सांग," ती त्या सुनेला म्हणाली. "याच्या अंगावर माय कधी येऊन गेली?"

सून गोंधळली. तिनं रुखमाबाईकडे पाहिलं. "दिवाळीच्या मागं आली होती. काऊन?"

"डॉक्टरीनीले सांगतलं?"

"ते कसं सांगाचं?"

"सांग. आजार नोको म्हनू, माय आली होती म्हन. तिले समजते. हात सपाट राह्यला तरी सांग, फुगला तरी सांग. आनं नवस बोलाचाच असन तं लेकराच्या नावानं बोल. हाताच्या नावानं नोको."

"चाललं हिचं सुरू," रुखमाबाई कपाळाला हात लावून म्हणाली.

मैना चुलीपुढं परत बसली आणि झारा घासू लागली.